एकोणशंभर

जूनची पंधरा तारीख. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि साडेदहाची शाळा गाठायला आमच्या आळीतली पोरं दहापासूनच निघाली होती. नवी दप्तरं, नवे रेनकोट, पहिल्याच दिवशी चिखलात भरलेले बूट. माझी लेक फाटकाच्या खालच्या पट्टीवर दोन्ही पाय रोवून उभी होती. तिला सहा वर्षं पूर्ण झाली होती. वर्षभर तिच्याबरोबर एकाच रिक्षातून गेलेली शेजारची मुलगी थांबली आणि म्हणाली, "तू नाही येणार?"

"मी घरी पहिलीत आहे."

त्या मुलीनं जरा विचार केला. "मग तुमची मधली सुट्टी कधी असते?"

लेकीनं वळून माझ्याकडं पाहिलं. मी वेळापत्रक केलं होतं, रंगीत कागदावर, स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेलं. त्यात मधली सुट्टी नव्हती.

मी माध्यमिक शाळेत चौदा वर्षं गणित शिकवलं. त्या जूनला एका वर्षाची बिनपगारी रजा घेतली होती. मोठा गट संपता संपता माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. लेक घरातसुद्धा करंगळी वर करून उभी राहायची. माझं लक्ष जाईपर्यंत, मी मान हलवीपर्यंत तशीच. पाणी प्यायचं असलं तरी अंगठा ओठाला लावून. तिच्या त्या वर्गाबद्दल मला तक्रार करायची नाही. चाळीस लेकरांना एकटीनं सांभाळणारी बाई दुसरं काय करणार, हे मला ठाऊक आहे. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईपुढं करंगळी वर केलेलं पोर बघून माझ्या पोटात जे झालं ते मला विसरता येईना. एक वर्ष, असं मी नवऱ्याला म्हणाले. एक वर्ष हिला माझ्याजवळ राहू दे.

पहिल्या आठवड्यात मी घरात शाळाच भरवली. पाटी, मणी, चित्रांची कार्डं. "हा रंग कोणता? ह्यात मणी किती? हे कशाचं पान?" लेक उत्तरं द्यायची, बरोबर द्यायची, आणि दर उत्तरानंतर माझा चेहरा वाचायची. चौथ्या की पाचव्या दिवशी मी जास्वंदीचं पान पुढं धरून विचारलं, हे कशाचं गं?

ती म्हणाली, "आई, तुला माहीत आहे ना?"

"हो."

"मग मला का विचारतेस?"

उद्धटपणानं नव्हे, खरंच समजून घ्यायचं होतं म्हणून. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण दिवसभर ते मनातून गेलं नाही. आपण रस्त्यात कुणाला विचारतो, एसटी गेली का? तेव्हा आपल्याला ते माहीत नसतं, म्हणून विचारतो. डाळीत मीठ पडलंय का, पाहुणे कधी येणार, नळाला पाणी आलं का, घरातले सगळे प्रश्न असेच असतात. उत्तर खिशात ठेवून विचारायचा प्रश्न फक्त शाळेत असतो. चौदा वर्षं मी तोच विचारत आले होते. त्याला मी शिकवणं म्हणत होते, आणि त्यात बरंचसं तपासणं होतं. दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर एक कागद ठेवला आणि असा प्रश्न तोंडातून गेला की रेघ मारायची असं ठरवलं. दुपारच्या जेवणापर्यंत छत्तीस रेघा झाल्या.

मग मी ठरवलं की ज्याचं उत्तर मला ठाऊक नाही तेच तिला विचारायचं. घरात एकदम शांतता पसरली. दोन दिवस मला तिच्याशी बोलायला काही सुचेना. ते दोन दिवस फार जड गेले.

वाट दाखवली ती कृष्णेनं. आम्ही वाईचे. ढोल्या गणपतीपासून थोडं अंतर सोडून एक लहानसा घाट आहे. तिथं मे महिन्यात आम्ही दोघींनी वरच्या कठड्यापासून पाण्यापर्यंतच्या पायऱ्या सहज मोजल्या होत्या. तेवीस. जुलैत पाऊस लागला तेव्हा चालता चालता मी म्हणाले, आता किती राहिल्या असतील गं? मला खरंच ठाऊक नव्हतं. लेक कठड्याशी माझा हात घट्ट धरून उभी राहिली आणि वरून मोजायला लागली. सतरा. म्हणजे सहा बुडाल्या, असं ती आपली आपण म्हणाली. मी वजाबाकी हा शब्द तोवर काढलासुद्धा नव्हता.

त्यानंतर रोज संध्याकाळी घाट. भिंतीवरचं रंगीत वेळापत्रक मी काढून टाकलं आणि त्याच्या पाठीमागं तिनं रोजचा आकडा लिहायला घेतला. सतरा, सतरा, सोळा, चौदा. धोम धरणातून पाणी सोडलं त्या दिवशी एकदम पाच. "आई, काल रात्रीत नऊ पायऱ्या गेल्या!" तिच्या आवाजात भीती होती आणि आनंदही होता. घरी आल्यावर तिनं आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितलं, आजीनं शेजारी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी वाटेत दोन बायकांनी तिलाच थांबवून विचारलं, काय गं, किती राहिल्या आज? त्या बायकांनाही ते माहीत नव्हतं. लेकीनं उत्तर दिलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडं न बघता पुढं चालायला लागली. कधीपासूनची माझी जी इच्छा होती ती मला त्या चालण्यात दिसली.

आकडे वाढले तसा मराठीचा खरा घाट लागला. एकोणतीस. लेकीनं लिहिलं ३९. पुसलं, पुन्हा ३९. तिचं म्हणणं बरोबर होतं. तोंडात तीस आहे, तर लिहिताना तीन यायला नको का? मी तिला फोड करून सांगितली की एकोण म्हणजे एक उणा, तिसाला एक कमी. ती हरखली. ज्या शब्दानं तिला आठवडाभर रडवलं त्याच्या पोटात वजाबाकी लपली होती, आणि वजाबाकी तर तिला घाटावरून येतच होती. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, ती एकेक उकलत गेली. एकोणनव्वदपर्यंत पोचली आणि पुढं म्हणाली, "अठ्ठ्याण्णव, एकोणशंभर."

"नव्व्याण्णव," मी म्हणाले.

"का? एकोणशंभर का नाही?"

चौदा वर्षं गणित शिकवून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत भाषा दर वेळी पुढच्या दहाकडं बघून एक मागं येते, आणि शंभराच्या दाराशी मात्र तसं करत नाही. मला माहीत नाही, मी म्हणाले. लेक माझ्याकडं बघत राहिली. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मग आपण दोघी शोधू."

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीला वीस एक, वीस दोन असं संख्यावाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. वर्तमानपत्रं, थट्टा, विधिमंडळापर्यंत चर्चा. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या की लिहिताना आपण दशक आधी लिहितो आणि बोलताना एकक आधी बोलतो. त्रेसष्टमध्ये तीन आधी येतात, साठ नंतर, आणि लहान मुलं इथं अडखळतात. दक्षिणेकडच्या भाषांत असा उलटा क्रम नाही. त्या वेळी आमच्या शिक्षकखोलीत मी जुन्या नावांच्या बाजूनं तावातावानं बोलले होते. मला ती नावं आजही प्रिय आहेत. पण मी त्या दिवसांत नववीच्या मुलांकडं बघून बोलत होते. अडखळून गेलेली सहा वर्षांची मुलं माझ्यापुढं नव्हती. आता रोज समोर एक बसत होती, आणि नारळीकरबाईंचं म्हणणं मला चार वर्षं उशिरा पटत होतं.

अक्षरांचं तसंच. चिंच हा शब्द तिनं मला दाखवला. आजीनं चिंचा फोडायला घेतल्या होत्या आणि ही शेजारी बसून पाटीवर तोच शब्द लिहीत होती. लिहून झाल्यावर पुटपुटायला लागली. पहिला च वेगळा आहे, म्हणाली. तोंडात जीभ दुसरीकडं जाते. मी म्हणून पाहिलं. खरंच, चहातला च आणि चमच्यातला च, दोघं एका शब्दात शेजारी शेजारी बसलेले, आणि दोघांचं तोंड सारखंच. आपण मराठी माणसं जन्मभर हे न चुकता बोलतो. ऐकू मात्र कुणाला येत नाही. त्या संध्याकाळी आम्ही तिघींनी घरातले च गोळा केले. चाक, चिमटा, चूल, चेहरा, चांदणी. आजी मध्येच म्हणाली, जचंही तसंच आहे की गं. जेवण आणि जाळं.

मी फार एकटी पडले असते, जर काही बायका मनात सोबतीला नसत्या. कोसबाडची टेकडी मी लग्नाआधी पाहिलेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली तिथं गेल्या तेव्हा आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं वळायची असायची. या दोघींनी मुलांना बोल लावला नाही. गुरं जिथं चरतात त्या कुरणात त्यांनी शाळा नेली. तिचं नावच कुरणशाळा. दगड, काटक्या, पानं मोजायची आणि गुरांवर लक्षही ठेवायचं. घाटाच्या कठड्याशी उभी असताना मला ते कुरण पुष्कळदा आठवायचं.

आणि पंडिता रमाबाई. १८५८चा जन्म, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्री मंडळी खवळली होती. आणि पुढं त्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, आपल्या लेकीला तोंडी शिकवलं. शाळेची पायरी न चढलेल्या त्या मुलीला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली पंडिता आणि सरस्वती म्हटलं. हे सगळे सांगतात. मला लक्ष्मीबाईंचा विचार येतो. घरचं सगळं उरकून, फिरस्तीच्या संसारात, लेकीला जवळ घेऊन एकेक श्लोक म्हणून घेणारी ती बाई. तिला शाळा नाकारली होती म्हणून तिनं घरी शिकवलं. माझ्या लेकीपुढं तर शाळेचं दार सताड उघडं होतं.

हा काटा वर्षभर टोचत राहिला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा देतो, आणि त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे आई-वडिलांचं कर्तव्य म्हटलं आहे. पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. चौथ्या कलमानं उशिरा येणाऱ्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसता येतं, त्या आधारावर आम्ही वर्षाची जोखीम घेतली. पण मी शिक्षिका आहे. तो कायदा कुणासाठी झाला हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दिवाळी झाली की पटावरची नावं राहतात आणि मुलं आई-बापांमागं ऊसतोडीला निघून जातात. फडाजवळच्या कोपीत राहतात, धाकटं भावंड कडेवर घेतात. त्यांच्यासाठी ते दहावं कलम ढाल आहे. मी ते माझ्या सोयीनं बाजूला सारत होते, घरात येणाऱ्या नवऱ्याच्या पगाराच्या भरवशावर. यावरून माझ्याशी वाद घालणाऱ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंना मी कधीच पटेल असं उत्तर देऊ शकले नाही. त्यांच्या जागी मीही तेच बोलले असते.

वाचायला तिला मी शिकवलं नाही. हे नम्रपणानं म्हणत नाही. घडलं तसं सांगते. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली होती आणि तोवर बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं. "बघ गं पोरी, काय लिहिलंय?" हे त्यांचं वाक्य दिवसातून दहादा ऐकू यायचं. किराण्याची यादी, भिशीची वही, लग्नपत्रिका. त्यांना खरंच कळत नव्हतं म्हणून त्या विचारत होत्या. लेक एकेक अक्षर लावायची, अडायची, जोडाक्षराशी झटापट करायची, आणि आजी थांबायची. मला थांबणं जमत नसे. मी शब्द पुरवला असता. आजीकडं पुरवायला शब्दच नव्हता.

नवरात्रानंतरची संकष्टी आली. आजीचा उपास चंद्र पाहिल्यावर सुटतो. संध्याकाळी त्यांनी लेकीला कालनिर्णयापुढं उभं केलं. चंद्रोदय किती वाजता आहे? लेकीनं टाचा उंच करून वाचलं, "आठ पंधरा." मी पोळ्या लाटत होते. मला वेळ ठाऊक नव्हती आणि मी उठून पाहिलं नाही, एवढंच माझं त्यातलं काम.

सव्वाआठला दोघी ताम्हन आणि दूर्वा घेऊन गच्चीवर गेल्या. आकाश निरभ्र होतं. पूर्वेला काळोख. मी खालून आवाज ऐकत होते. आजी म्हणत होती, दिसत नाही बाई मला, तूच बघ. लेक म्हणत होती, नाही गं आला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आजीनं सकाळपासून चहाखेरीज काही घेतलं नव्हतं. मग जिन्यावर धडधड पावलं वाजली. लेक स्वयंपाकघरात आली, खुर्ची ओढली, वर चढली आणि कालनिर्णयाला नाक लावलं. तिथं ८.५१ छापलं होतं.

"पंधरा नाहीये!" ती ओरडली. "पाच आधी आहे. पन्नास... पन्नास एक! आजी, आठ पन्नास एक!"

एक्कावन्न, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी पोळी उलटली.

ती परत वर पळाली. नऊ वाजायच्या सुमाराला गच्चीवरून जी आरोळी आली ती आळीभर ऐकू गेली असणार. आजी खाली आल्या तेव्हा त्यांचा हात लेकीच्या खांद्यावर होता. जेवताना त्या म्हणाल्या, हिनं आज मला पाऊण तास उपाशी ठेवलं, पण चंद्र दाखवला. लेकीनं मान वर केली नाही. तिला आपली चूक लागली होती, आणि ती दुरुस्त केल्याचं समाधानही होतं. मी एवढी वर्षं लाल शाईनं केलेल्या कुठल्याही खुणेनं कुणाच्या चेहऱ्यावर असं काही उमटवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आपण होऊन पाटीवर १५ आणि ५१ शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ बघत बसली.

दिवाळीनंतर आजीचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर पहिले काही दिवस त्या भिंतीवरची जळमटं मोजत होत्या. मग एका सकाळी वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर बसल्या. लेक शेजारी जाऊन बसली, वाट पाहत. नेहमीचा प्रश्न आला नाही. थोड्या वेळानं तिनं आतली पुरवणी ओढून घेतली आणि मांडीवर पसरली. दोघी आपापल्या पानात. आजीनं पुरवणीसाठी हात पुढं केला तेव्हा ती म्हणाली, "थांब, माझं व्हायचंय अजून."

डिसेंबरच्या एका सकाळी आम्ही घाटावर निघालो होतो. पाणी उतरून पायऱ्या आता एकवीस झाल्या होत्या. मोठ्या रस्त्यावर उसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग कारखान्याकडं चालली होती. एका गाडीच्या मागं, उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्यावर, एक मुलगी बसली होती. लेकीच्याच वयाची, अंगात मोठ्या भावाचा असावा असा शर्ट, मांडीवर बाळ. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. गाडी हळू चालली होती, त्यामुळं बराच वेळ पाहता आलं.

लेकीनं हात हलवला. त्या मुलीनं बाळाचा हात धरून हलवला.

"आई, ती पण घरी पहिलीत आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. गाडी वळणापर्यंत गेली, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज तेवढा मागं राहिला.

"आई, सांग ना," लेक म्हणाली.